डिफेंडरची कारकीर्द आणि बदलणारे क्लब: नाशिकहून वारंवार येणारे प्रश्न

मैदानाच्या कडेला, फोनवर आणि रात्री साडेदहानंतरच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमधून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी स्वतः सेंटर बॅक होतो, जिल्ह्याच्या पुढे गेलो नाही. आता मुलांना शिकवतो. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी राहुल भेके घेतलाय. तो मुंबईचा आहे, डिफेंडर आहे, आणि ‘हा इतके क्लब का बदलतो?’ असं सगळ्यात जास्त त्याच्याबद्दलच विचारलं जातं.

सर, मागे चार जण उभे असतात ते सगळे डिफेंडरच ना? मग वेगवेगळी नावं कशाला?

चौघेही डिफेंडर, पण कामं वेगळी. मधले दोघे सेंटर बॅक. स्ट्रायकरला अंगावर घ्यायचं, हेडर जिंकायचे आणि पुढच्यांना ओरडून ओरडून जागेवर ठेवायचं. कडेचे दोघे फुल बॅक, म्हणजे राइट बॅक आणि लेफ्ट बॅक. हल्ली त्यांना बचावाइतकंच पुढे धावून क्रॉस टाकावे लागतात, त्यामुळे दम जास्त लागतो. मागे तिघेच ठेवणाऱ्या टीममध्ये कडेच्यांना विंग बॅक म्हणतात.

नाशिककरांना पटेल असं सांगायचं तर सेंटर बॅक म्हणजे रामकुंडावरचा दुतोंड्या मारुती. एरवी कुणी ढुंकून बघत नाही. पूर आला की सगळे त्याच्याकडेच बघून पाणी कुठवर चढलं ते मोजतात.

मुलाला दोन जागा खेळता आल्या तर फार बरं. भेके राइट बॅक म्हणूनही खेळलाय आणि सेंटर बॅक म्हणूनही, आणि इतकी वर्षं टिकण्यामागे हे एक मोठं कारण आहे असं माझं मत आहे. कोच बदलला, पद्धत बदलली, तरी असा खेळाडू टीममध्ये कुठेतरी बसतोच.

राहुल भेके एवढ्या क्लबांतून का फिरला? कुठेच जमलं नाही का?

आधी यादी बघा: मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, एफसी पुणे सिटी, बेंगळुरू एफसी, मुंबई सिटी आणि २०२३ पासून परत बेंगळुरू. एका दमात वाचलं की दरवर्षी शाळा बदलणाऱ्या पोराचा दाखला वाटतो. पण प्रत्येक नावापुढे साल लिहा आणि त्या साली भारतात कोणती लीग कधी चालू होती ते बघा, म्हणजे चित्र पालटतं.

आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ती जेमतेम दोन-अडीच महिन्यांची स्पर्धा होती. तिच्यानंतर आय-लीग, म्हणजे देशाची जुनी राष्ट्रीय लीग. म्हणजे दिवाळीच्या आसपास एक जर्सी आणि संक्रांतीनंतर दुसरी, आणि दोन्ही अगदी नियमात. भेके ईस्ट बंगालचा असतानाच २०१५ मध्ये आयएसएलपुरता केरळकडून खेळला आणि २०१६ मध्ये पुण्याकडून. ही क्लब बदलण्याची हौस नव्हती, त्या वेळचं कॅलेंडरच तसं होतं. त्याच काळातला भारताचा डिफेंडर संदेश झिंगन बघा. मूळ टीम केरळ ब्लास्टर्स, पण आय-लीगसाठी कधी पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स, कधी बेंगळुरू.

२०१७-१८ पासून दोन्ही लीग एकाच वेळी खेळवायला लागले आणि खेळाडूंना एकच निवडावी लागली. नेमका तेव्हाच भेके बेंगळुरूला गेला आणि २०२१ पर्यंत, सलग चार मोसम, तिथून हलला नाही. अडीच महिन्यांपुरत्या टीमचा प्रकार बंद झाल्याबरोबर माणूस स्थिर झाला. याला मी फिरस्ता म्हणणार नाही.

पुढचे बदल वेगळ्या जातीचे आहेत. बेंगळुरूहून मुंबई सिटी, म्हणजे एका मोठ्या टीममधून दुसऱ्या मोठ्या टीममध्ये. तिथे २०२२-२३ मध्ये लीग शील्ड, म्हणजे आयएसएलच्या गुणतक्त्यात पहिलं येणाऱ्या टीमची ढाल, जिंकली. आणि मग जुन्या क्लबने परत बोलावलं. जुना क्लब परत बोलावतो, याहून चांगलं शिफारसपत्र खेळाडूला मिळत नाही.

म्हणून पालकांना सांगतो, क्लब मोजू नका. प्रत्येक बदलाचं कारण विचारा. खेळायला मिळावं म्हणून गेला, करार संपला म्हणून गेला, क्लब बुडाला म्हणून गेला की कोचशी वाजलं म्हणून गेला? यातलं फक्त शेवटचंच पुन्हा पुन्हा दिसलं तर काळजी करा.

लोनवर जाणं म्हणजे काय? क्लब खेळाडूवर कर्ज काढतो का?

एका काकांनी मला हप्ता किती बसतो तेसुद्धा विचारलं होतं, त्यामुळे हसण्यावारी नेत नाही. खेळाडूचा करार मूळ क्लबकडेच राहतो आणि तो ठरलेल्या मुदतीसाठी दुसऱ्या क्लबकडून खेळतो. पगार कोण किती देणार हे दोन क्लब आपसात ठरवतात. मुदत संपली की परत. फिफाच्या २०२२ च्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय लोन जास्तीत जास्त एक वर्षाचं असतं.

तरुण डिफेंडरसाठी लोन ही शिक्षा नाही. पिछाडीवर असलेला कोच स्ट्रायकरला शेवटची वीस मिनिटं देऊन बघतो. सेंटर बॅक मध्येच कुणी बदलत नाही. त्यामुळे मोठ्या क्लबातला दुसऱ्या फळीचा डिफेंडर मोसमच्या मोसम बाकावर बसून राहू शकतो. त्यापेक्षा लहान क्लबात जाऊन नव्वद मिनिटं चुका केलेल्या बऱ्या.

गोल नाहीत, मग डिफेंडरची किंमत क्लब कशी ठरवतो?

मिनिटांवरून. मोसमात किती मॅच पूर्ण खेळला, किती वेळा निलंबित झाला, दुखापतीने किती आठवडे गेले. मग व्हिडिओ. आणि व्हिडिओत टॅकल कमी, जागा जास्त बघतात. सारखा घसरून टॅकल करणारा मुलगा पालकांना शूर वाटतो. कोचला कळतं की हा आधी चुकीच्या जागी उभा होता. क्रिकेटवाल्यांसाठी: विकेटकीपरच्या हातात बॉल आवाज न करता बसतो, तसलं हे काम.

तरी गोलचं महत्त्व नाकारत नाही. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानावर आयएसएलची फायनल एफसी गोवाविरुद्ध जादा वेळेत गेली होती. ११७व्या मिनिटाला डिमास डेलगाडोच्या कॉर्नरवर भेकेने हेडर मारला आणि बेंगळुरू १-० ने चॅम्पियन झालं. त्याआधी एप्रिल २०१८ मध्ये सुपर कपच्या फायनलमध्येही त्याचा गोल होता, तोही जुन्या ईस्ट बंगालविरुद्ध. आणि एप्रिल २०२२ मध्ये रियाधला मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं, तेव्हा विजयी हेडर त्याचाच. एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला विजय. तिन्ही गोल डिफेंडरचे आणि तिन्ही मोक्याच्या वेळचे. कॉर्नरचा सराव संपायच्या आत पाण्याच्या बाटलीकडे पळणाऱ्यांनी हे वाचावं.

माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, अजून कुठल्याच क्लबात नाही. उशीर झाला का?

स्ट्रायकर असता तर जरा घाबरलो असतो. डिफेंडरची समज उशिरा पिकते. भेके १९९० चा. भारताकडून पहिली मॅच २०१९ मध्ये खेळला तेव्हा २८ वर्षांचा होता. झिंगन मात्र २१व्या वर्षीच भारतीय संघात आला, तेव्हा एकच एक वेळापत्रक नसतं.

पण १७ म्हणजे ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणायचंही वय नाही. आणि जन्मतारखेशी खेळू नका. वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धांत मनगटाच्या एक्स-रेवरून वय तपासतात. तिथे दाखल्यावरची खाडाखोड चालत नाही.

नाशिकमध्ये राहून हे होईल का? की मुंबईला जावंच लागेल?

पाया इथे होतो. त्याच्यापुढे जावं लागतं. आपल्याकडे शाळांचं फुटबॉल आहे, देवळालीकडे लष्करी छावणी आणि जुन्या बोर्डिंग शाळांमुळे खेळाचं वातावरण आहे, पण वर्षभर चालणारी, दर आठवड्याला तुमच्याहून चांगला स्ट्रायकर समोर आणणारी लीग नाही. आणि डिफेंडर स्वतःहून चांगल्या स्ट्रायकरसमोरच घडतो. इथल्या मैदानावर तीन वर्षं कुणी ओलांडून गेलं नाही असं सांगणारा मुलगा मुंबईत पहिल्या पंधरा मिनिटांत तीनदा मागे पडलेला मी पाहिलाय. रडला नाही. परत आला तो फक्त वळण्याचा सराव करायला.

रस्ता साधारण असा: जिल्हा संघटनेकडून नोंदणी, तिच्यावर राज्याची विफा, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, आणि सगळ्यात वर एआयएफएफ, म्हणजे देशाची फुटबॉल संघटना. निवड चाचण्या आणि क्लबांच्या अकादमी बहुतांशी मुंबई-पुण्याला. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन रात्री परत, असं पासधारकांसारखं चाचणीपुरतं करता येतं. रोजच्या सरावाला नाही. कसारा घाटातल्या प्रवासानंतर पायात जे उरतं त्यावर कुणाची निवड होत नाही. जमलं तर आदल्या दिवशी जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम करा.

एका मोसमात किती क्लबांकडून खेळता येतं?

फिफाच्या नियमानुसार एका मोसमात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते, पण अधिकृत मॅच त्यांपैकी दोनच क्लबांकडून खेळता येतात. शाळेची स्पर्धा हा वेगळा विषय. क्लबची नोंदणी झाली म्हणून शाळेकडून खेळायचं बंद होत नाही. गोंधळ होतो तो गल्लीतल्या स्पर्धांमुळे. ‘नुसतं नाव दे’ म्हणून कुणी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली तर कशासाठी ते विचारा. एआयएफएफच्या ऑनलाइन नोंदणीत एकदा एका क्लबकडे नाव लागलं की तिथून सुटून दुसरीकडे जायला रीतसर बदली लागते. ऐन चाचणीच्या आठवड्यात हे उघडकीला आलं की बाप आणि मुलगा दोघे माझ्याकडे येतात, आणि त्या वेळी माझ्याही हातात काही नसतं.

करार किती वर्षांचा असतो? जास्त वर्षांचा चांगला ना?

कमीत कमी मोसम संपेपर्यंत, जास्तीत जास्त पाच वर्षं. खेळाडू १८ च्या खालचा असेल तर तीन वर्षांहून जास्त नाही, आणि सही पालकांनीही करायची.

जास्त वर्षं म्हणजे जास्त सुरक्षा, हे अर्धंच खरं आहे. खेळवत नसलेल्या क्लबात चार वर्षं अडकणं ही डिफेंडरसाठी महागात पडणारी गोष्ट. (लोन हा त्यावरचा एक उतारा, वर आला आहे.) मला विचाराल तर पहिला करार दोन वर्षांचा असावा.

‘फ्री ट्रान्सफर’ म्हणजे खेळाडूला कुणी विचारत नाही असं का?

अजिबात नाही. करार चालू असताना नेलं तर नवा क्लब जुन्याला फी देतो. करार संपला की खेळाडू मोकळा, फी शून्य. भारतातले बरेच बदल असेच होतात, आणि वाचलेल्या फीतला वाटा चांगल्या खेळाडूला पगारात मागता येतो.

फी देऊन डिफेंडर नेणं बघायचं असेल तर व्हर्जिल व्हॅन डाइकचा प्रवास बघा. ग्रोनिंगेन, मग सेल्टिक, मग साउदॅम्प्टन, आणि जानेवारी २०१८ मध्ये ७.५ कोटी पौंडांना लिव्हरपूल. तेव्हाचा डिफेंडरसाठीचा जगातला विक्रम. पायऱ्या चढताना एकही गाळलेली नाही.

करार चालू असताना दुसऱ्या क्लबशी बोललं तर चालतं का?

शेवटच्या सहा महिन्यांत चालतं. त्याआधी नव्या क्लबने जुन्याला लेखी कळवल्याशिवाय बोलणी करायची नसतात. आणि करार मध्येच तोडला, तोही योग्य कारणाशिवाय, तर भरपाई आणि बंदी दोन्ही मागे लागतात. २०२४ मध्ये डिफेंडर अन्वर अली मोहन बागान सोडून ईस्ट बंगालकडे गेला तेव्हा एआयएफएफच्या खेळाडू दर्जा समितीने आधी चार महिन्यांची बंदी आणि १२.९ कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. मग प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि तो आदेश मागे घेतला गेला. तो भारताचा खेळाडू, त्याच्यामागे क्लब आणि वकील उभे होते. आपल्या मुलामागे कोण असेल याचा विचार करूनच सही करा, आणि करा ती करार वाचून.

क्लबच बंद पडला तर?

दुर्दैवाने महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. महिंद्रा युनायटेड २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेली टीम; २०१० मध्ये बंद. महेश गवळीसारखा डिफेंडर त्या विजेत्या टीममध्ये होता. पुणे एफसी गेलं, भारत एफसी एका मोसमात गुंडाळलं, मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये संपले, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. भेकेच्या यादीतले मुंबई एफसी आणि पुणे सिटी हे दोन क्लब आज अस्तित्वातच नाहीत. यादी लांब दिसण्यात त्यांचाही वाटा आहे.

क्लब बंद पडला की खेळाडू मोकळा होतो, पण थकलेला पगार आपोआप मिळत नाही. त्यासाठी एआयएफएफकडे तक्रार करावी लागते, आणि तिथे लेखी करार हाच पुरावा. बंद न पडताही पगार अडकतो. २०२५ च्या जुलैत व्यावसायिक हक्कांच्या करारावरून आयएसएलचा पुढचा मोसमच लटकला आणि काही क्लबांनी पगार थांबवले. म्हणून बी.कॉम. अर्धवट सोडतो म्हणणाऱ्या मुलाला मी नाही म्हणतो. बाहेरून परीक्षा देता येते.

दुखापत झाली तर क्लब काढून टाकतो का?

करार चालू असताना दुखापत हे काढायचं कारण होऊ शकत नाही. खरी अडचण करार संपताना येते. झिंगनचा गुडघा ऑक्टोबर २०१९ मध्ये गेला आणि २०१९-२० चा अख्खा मोसम बुडाला. तरी पुढच्या मोसमात एटीके मोहन बागानने त्याला घेतलं, कारण आधीची वर्षं बोलत होती.

आपल्याकडे मला जास्त भीती मैदानाची वाटते. पावसाळ्यात काळी माती पायाला धरते आणि उन्हाळ्यात तीच सिमेंट होते. वळताना बुटाखालचा स्टड रुतला की गुडघा फिरतो. गुडघा सुजला तर हळद लावून आठवडाभर वाट बघू नका; हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

परदेशात पाठवतो म्हणणारे एजंट येतात. जावं का?

मुलगा १८ च्या आत असेल तर आंतरराष्ट्रीय बदली होतच नाही, मोजके अपवाद सोडून (उदाहरणार्थ, आईवडील फुटबॉलव्यतिरिक्त कारणाने त्या देशात राहायला गेले तर). त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला ‘युरोपातल्या क्लबचा करार’ दाखवणारा माणूस एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला तसं समजतोय. २०२३ पासून एजंटला फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. परवाना दाखवा म्हणा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशा ‘ट्रायल’साठी दागिने मोडले. मुलगा महिनाभर कुठल्याशा टर्फवर खेळून परत आला.

१८ नंतर जरूर बघा. पण झिंगनसारखा खेळाडू ऑगस्ट २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिकला गेला, दुखापतींनी गाठलं आणि लीगची एकही मॅच न खेळता जानेवारी २०२२ मध्ये परतला. भारताचा पहिल्या फळीचा डिफेंडर, तरी असं झालं.

मुलींसाठी हे सगळं असंच आहे का?

नियम तेच, पैसा बराच कमी. इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ पासून आहे. भारताची कर्णधार राहिलेली आशालता देवी डिफेंडरच. सेतू एफसी, गोकुलम केरळ अशा टीममधून ती खेळली. तिथे मोसम छोटे असल्यामुळे क्लब बदलणं अजून जास्त दिसतं, आणि त्याचं कारण वर भेकेच्या उत्तरात आहे तेच.

एकाच क्लबात सगळं आयुष्य काढणारे डिफेंडर नसतात का?

असतात. पाओलो मालदिनी मिलानकडून १९८५ ते २००९ खेळला, ९०२ मॅच. पण त्याचा क्लब बंद पडला नाही, हे विसरू नका.

मुलगा मोठा झाला तर नाशिकच्या लहान क्लबला काही मिळतं का? आणि आम्ही कोणते कागद जपायचे?

पहिल्याचं उत्तर बऱ्याच क्लबचालकांनाही माहीत नसतं. करार चालू असताना खेळाडू फी घेऊन परदेशी क्लबात गेला, तर त्या फीतला पाच टक्के भाग त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. १२ ते १५ वयातल्या प्रत्येक मोसमाला फीच्या पाव टक्का, त्यापुढच्या प्रत्येक मोसमाला अर्धा टक्का. हौशी क्लबही त्यात येतो. अट एकच, त्या वर्षांत मुलाची नोंदणी त्या क्लबकडे झालेली असली पाहिजे. पेपरात छापून आलेला फोटो चालत नाही.

म्हणून घरी एक फाइल करा. जन्म दाखला, पासपोर्ट, एआयएफएफचा नोंदणी क्रमांक, प्रत्येक क्लबची तारखेसह नोंदणी आणि सोडल्याचं पत्र, प्रत्येक कराराची सही केलेली प्रत, गुडघ्या-घोट्याचे एमआरआय. मूळ प्रत कुणालाही देऊ नका, मलासुद्धा. चाचणीला झेरॉक्स आणायची.